तोतो, तोतया नव्हे

सिनेमा अगदी किरकोळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९५० सालचा, इटालियन, कृष्णधवल. नाव 'तोतोतारझान'. टारझनच्या हॉलिवुडी चित्रपटांची टर उडवायला काढलेली ही जंगलातली धमाल. खर्च बेताचा, आणि तो बेताचा आहे हे लपवण्याची कुणी फारशी तसदी घेतलेली नाही. हॉलिवुडचा टारझन म्हणजे जॉनी वाइसम्युलर, ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला धिप्पाड गडी. इथं मात्र अंगाला कातडं गुंडाळून उभा आहे तो बावन्न वर्षांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, नाक एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे गेलेला एक गृहस्थ. हाच इटलीचा लाडका विनोदी नट तोतो.

आमच्या भाच्यानं हौसेनं हा सिनेमा मला मिळवून दिला. इटालियन भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही; पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवर भागवलं. घरातली मंडळी झोपल्यावर एकटाच बसून पाहिला आणि तोंडावर हात ठेवून हसलो. तोतोला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. ऐंशीच्या दशकात आमच्या फिल्म सोसायटीत पासोलिनीचा एक चित्रपट दाखवला होता, त्यात. तिथं तो गंभीर चेहऱ्यानं रस्त्यानं चालत होता आणि चर्चेला बसलेली विद्वान मंडळी त्याच्यावर फार जड बोलत होती. तोच माणूस इथं माकडांच्या संगतीत उड्या मारताना पाहून बरं वाटलं. मग मध्येच कुठंतरी माझं हसू थांबलं.

त्याचं कारण सिनेमाच्या गोष्टीत आहे. जंगलात वाढलेला हा माणूस एका मोहिमेला सापडतो. तो एका श्रीमंत खानदानी घराण्याचा हरवलेला वारस आहे, असं निघतं. इस्टेट मोठी, वारस हा एकटा. मग त्याला शहरात आणायचं, कपडे घालायचे, माणसात बसवायचं आणि त्याच्या नावाची मालमत्ता गिळायची, असा डाव रचला जातो. बरोज या अमेरिकन लेखकाच्या मूळ कादंबरीतला टारझनही एका इंग्रज लॉर्डचाच मुलगा होता, तेव्हा गोष्टीत नवीन काही नाही. पण ज्या माणसानं ही भूमिका केली त्याच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव नव्हतं. आणि सिनेमा बनत होता त्या सुमारास तो स्वतः कोर्टाकडून आपण बिझँटियमच्या सम्राटांचे वंशज असल्याचे निकाल मिळवत होता!

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. त्या नोकरीत माणसाची ओळख म्हणजे त्याचा अर्ज. १९८७ च्या सुमाराला एका तालुक्याच्या गावी असताना एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बचत खातं उघडायला आला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यानं आईचं नाव लिहिलं होतं. मी त्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि नीट भरून आण म्हणून अर्ज परत दिला. मुलानं तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. नियम तसाच होता का, हे मी तेव्हा उघडून पाहिलंही नव्हतं. त्या रात्री तोतोचा सिनेमा थांबवून मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं, ते या मुलाची आठवण झाली म्हणून.

मराठी माणसाला तोतो म्हटलं की तोतयाच आठवायचा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव लावून आलेला तोतया आपल्या चांगलाच ध्यानात आहे. इटालियन भाषेत या नावाचा तसा काही अर्थ नाही. नेपल्समध्ये आंतोनियो नावाच्या पोराला लाडानं तोतो म्हणतात, आपल्याकडं बाळू, पिंट्या म्हणतात तसं. म्हणजे हे नाव आईनं मारलेल्या हाकेतलं. आणि हाकेतलंच नाव शेवटपर्यंत टिकलं, बाकीची नावं पुढं पुष्कळ आली.

जन्म १५ फेब्रुवारी १८९८ चा, नेपल्समधल्या सानिता या वस्तीत. टेकडीच्या पोटाशी दाटीवाटीनं बसलेली ही वस्ती. शहरातून राजवाड्याकडं जाणारा मोठा पूल तिच्या डोक्यावरून जातो, त्यामुळं वरच्यांना खालची माणसं दिसतात आणि खालच्यांना वरच्यांच्या गाड्यांचा आवाज ऐकू येतो. इथं फोंतानेल्ले नावाची एक गुहेतली दफनभूमी आहे. साथीत, दुष्काळात मेलेल्या हजारो बेवारशांच्या कवट्या तिथं रचून ठेवल्या आहेत. वस्तीतल्या बायका त्यातली एखादी कवटी दत्तक घेत, पुसूनपासून स्वच्छ करत, तिला नाव देत, तिच्यासाठी प्रार्थना करत. अनोळखी मेलेल्याला नाव देणाऱ्यांची ही वस्ती. याच शहरात टाकून दिलेल्या अर्भकांना 'एस्पोझितो' असं आडनाव देण्याची जुनी रीत होती. उघड्यावर ठेवलेला, असा त्याचा अर्थ. पुढं ते नेपल्समधलं अगदी घरोघरचं आडनाव होऊन बसलं.

आंतोनियोवर ती वेळ आली नाही, कारण आई होती. आन्ना क्लेमेंते. तिनं मुलाला टाकलं नाही, आपलं आडनाव दिलं. बाप होता तो ज्युसेप्पे दे कुर्तिस, एका मार्क्विसचा मुलगा. म्हणजे मोठ्या नावाचं आणि रिकाम्या खिशाचं घराणं. त्या घराण्यात हा संबंध मान्य होणारा नव्हता आणि ज्युसेप्पेत तो उघड करण्याची धमक नव्हती. पोराला बाप माहीत होता, फक्त कागदावर नव्हता. पदरी वडील नसलेली किती मुलं सानितात असतील याची गणती नाही. पण आपण मार्क्विसच्या रक्ताचे आणि तरी राहतो या बोळात, हे ज्याला लहानपणीच कळलं त्याचं दुखणं वेगळं.

आईला वाटे मुलानं पाद्री व्हावं. काही दिवस तो चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या हाताखाली राबलाही. शाळेत तर असा दिवा लावला की चौथीतून पुन्हा तिसरीत बसवण्यात आलं. पुढं एका शिक्षकाबरोबर गमतीनं मुष्टियुद्ध खेळताना नाकावर ठोसा बसला आणि नाकाचं हाड सरकलं. जगप्रसिद्ध झालेला तो वाकडा चेहरा असा एका अपघाताचा. पण त्याचा खरा अभ्यास गल्लीत चालू होता. विचित्र चालीची, विचित्र बोलण्याची माणसं दिसली की पोरगं कोपऱ्यात दबा धरून त्यांना न्याहाळत बसे. लोक त्याला हेर म्हणत.

पहिल्या महायुद्धात तो स्वखुशीनं सैन्यात गेला. लढाई दूरच राहिली. एका कॉर्पोरलनं त्याचा जो छळ मांडला तो मात्र जन्मभर पुरला. जगात माणसं दोन प्रकारची, एक माणसं आणि दुसरे कॉर्पोरल, ही त्याची वाटणी तिथली. १९५५ साली त्यानं त्यावर एक अख्खा चित्रपट काढला. बँकेत काम केलेल्या कुणालाही ही वाटणी समजावून सांगावी लागू नये.

लढाई संपल्यावर कुटुंब रोमला आलं. १९२१ साली ज्युसेप्पेनं एकदाचं आन्नाशी रीतसर लग्न केलं. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा! पितृत्वाची कागदोपत्री कबुली त्याच्याही नंतरची. आपल्या जन्मदात्यांच्या लग्नाला हजर राहण्याइतका मोठा झालेला हा मुलगा त्या वेळी रोममध्ये नाटक कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. एका कंपनीत त्याला फुकट काम मिळालं. रोज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट. हिवाळा आला तेव्हा त्यानं मालकाकडं ट्रामपुरते चार पैसे मागितले. मालकानं त्याच्या जागी दुसरा फुकट्या आणला.

नंतर जोव्हिनेल्ली नावाच्या थिएटरवाल्यानं त्याला संधी दिली आणि तोतो चालू लागला. वेष जवळजवळ तेव्हाच ठरला तो असा: गोल हॅट, मापापेक्षा मोठा जुनाट कोट, आखूड पँट, रंगीत मोजे आणि टायच्या जागी बुटाची नाडी. एखाद्या साहेबाचे टाकलेले कपडे गड्यानं घालावेत आणि ते घालताच आपणही साहेब झालो असं त्याला वाटावं, असा तो अवतार. अंगविक्षेपांचं वळण त्यानं दे मार्को नावाच्या आधीच्या नटाकडून उचललं होतं. कळसूत्री बाहुली. मान एकीकडे, खांदे दुसरीकडे, पाय तिसरीकडे, आणि प्रत्येक अवयव जणू वेगळ्या दोरीनं ओढला जातोय. आपल्या तमाशातला सोंगाड्या जिभेवर जगतो. तोतोची जीभही तिखट होती, पण तो आधी हाडांनी हसवायचा.

या काळातलं एक प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. नेपल्सच्या रंगभूमीवर लिलियाना कास्तान्योला नावाची गाणारी नटी होती. दोघांचं प्रेम जमलं, ते फार ओढीचं आणि फार संशयाचं. तोतोनं दुसऱ्या कंपनीबरोबर दौऱ्यावर जायचा करार केला. १९३० च्या मार्चमध्ये लिलियानानं झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. तोतोनं तिला आपल्या घराण्याच्या दफनघरात जागा दिली. ज्या बाईशी लग्न झालं नव्हतं तिला घराण्यात घेण्याचा मार्ग त्याला तिच्या मरणानंतर सापडला. तीन वर्षांनी दुसऱ्या स्त्रीपासून त्याला मुलगी झाली, तेव्हा नेपल्सच्या रिवाजाप्रमाणं आजीचं, म्हणजे आन्ना हे नाव ठेवायचं. त्यानं ठेवलं लिलियाना.

त्याच १९३३ साली त्यानं आणखी एक गोष्ट केली. पस्तिसाव्या वर्षी तो दत्तक गेला. फ्रांचेस्को गाल्यार्दी नावाच्या एका म्हाताऱ्या मार्क्विसनं त्याला मुलगा म्हणून घेतलं. बदल्यात म्हाताऱ्याला हयातभर ठरावीक रक्कम द्यायची. हा मजकूर वाचताना माझ्यातला अधिकारी जागा झाला. व्यवहार स्वच्छ आहे: एकाकडं किताब होते, पैसा नव्हता, दुसऱ्याकडं पैसा येऊ लागला होता, किताब नव्हते. पण वर्षं पाहिली तर वेगळं दिसतं. खऱ्या बापानं कबूल केल्यालाही तेव्हा फार काळ लोटला नव्हता, आणि तेवढ्यावर याचं भागलं नाही. एकदा रिकामा राहिलेला रकाना याला दोन-दोन बापांनी भरून हवा होता.

त्याचं वेड पुढं वाढतच गेलं. वंशावळी काढणारे तज्ज्ञ, जुनी दप्तरं, वकील. नेपल्सच्या न्यायालयाचे निकाल १९४५ पासून त्याच्या बाजूनं येऊ लागले. सगळं मिळून जे नाव तयार झालं ते असं: आंतोनियो ग्रिफ्फो फोकास फ्लाव्हियो दुकास कोम्नेनो गाल्यार्दी दे कुर्तिस. शिवाय शाही महामहिम, पवित्र रोमन साम्राज्याचा सरदार, कॉन्स्टँटिनोपलचा राजपुत्र, मॅसिडोनियाचा ड्यूक, सायप्रसचा काउंट. आमच्या अर्जात आडनावाला पंधरा चौकटी असत. या गृहस्थांना पुरवणी जोडावी लागली असती!

आणि इथं नियतीनं (हा शब्द मी सहसा वापरत नाही) जी थट्टा केली ती तोतोच्या कुठल्याही सिनेमात शोभली असती. १९४६ साली इटलीच्या जनतेनं कौल देऊन राजा घालवला. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या राज्यघटनेनं सरळ सांगितलं की, सरदारकीच्या किताबांना यापुढं मान्यता नाही. याच्या हातात राजपुत्रपणाचा दाखला पडला आणि राजपुत्र हा प्रकारच कायद्यातून गेला. तोतोला त्याचं काही वाटलं नाही. घरी नोकरांनी त्याला प्रिन्स म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असे. तो सांगे की, तोतो हा वेगळा माणूस आहे. तो स्वयंपाकघरात जेवतो आणि प्रिन्स दे कुर्तिसला पोसतो. या माणसाला स्वतःची चेष्टा कळत नव्हती, असं म्हणता येत नाही.

'तोतोतारझान' येतो तो या टप्प्यावर. पहिला चित्रपट त्यानं १९३७ साली केला होता, पण खरा धडाका युद्धानंतरचा. एकट्या १९५० सालात त्याचे अर्धा डझनाहून अधिक चित्रपट आले. सगळे भराभर काढलेले, लोक रांगा लावून पाहणारे आणि समीक्षक नाकं मुरडणारे. मारिओ मात्तोली हा दिग्दर्शक त्यात पटाईत. थोडं कथानक, ओळखीचे नट आणि बाकी तोतोवर सोडून द्यायचं. समोर उभा असे मारिओ कास्तेल्लानी हा त्याचा जन्माचा जोडीदार, ज्याचं काम म्हणजे तोतोनं भिरकावलेला चेंडू अलगद परत टाकणं. विनोदी नटाला असा जोडीदार लाभणं हे बायको चांगली मिळण्याइतकं दुर्मीळ, आणि त्याची आठवणही तितकीच उशिरा काढली जाते.

सिनेमात टारझनच्या संगतीला काही वनकन्या आहेत. त्यातल्या एकीचं नाव श्रेयनामावलीत नाही. सोळा वर्षांची ती मुलगी पुढं सोफिया लॉरेन झाली. तिचं बालपण नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत गेलेलं, युद्धातल्या उपासमारीत. आणि गंमत पाहा, तिच्या आईबापांचंही लग्न झालं नव्हतं. बापानं मोठ्या मुलीला, म्हणजे हिला आपलं आडनाव दिलं, धाकटीला नाकारलं. सोफियानं सिनेमात मिळवलेल्या पैशांतून बापाला रक्कम मोजून बहिणीसाठी ते आडनाव विकत घेतलं, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. म्हणजे त्या खोट्या जंगलात, हरवलेल्या वारसाच्या त्या टुकार गोष्टीत, बापाच्या नावाची किंमत रोखीत मोजणारी दोन माणसं कातडी नेसून उभी होती. दिग्दर्शकाला याचं भान असण्याचं कारण नाही. त्याला दिवस संपायच्या आत आणखी दोन दृश्यं घ्यायची असणार.

सिनेमातला टारझन शहरात येतो आणि बाया दिसल्या की चेकाळतो, टेबलाखुर्चीला बुजतो, अंगावरच्या कपड्यांत अवघडतो. तोतोनं हे इतकं सहज केलं आहे की, मला त्यात सानितातून रोमला आलेला पोरगा दिसला. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा जिथं तिथं अर्थ दिसण्याची खोड मला आहे, हे मान्य. पण दुसऱ्याचा कोट घालून उभं राहणं हा ज्यानं वीस-पंचवीस वर्षं रंगमंचावरचा धंदा केला, त्याला वारस बनवून उभं केलं की तो नुसता विनोद राहत नाही.

घरी त्याच सुमारास मोडतोड चालली होती. लिलियानाची आई दियाना ही त्याच्याहून पुष्कळ लहान. लग्न १९३५ सालचं. तोतो कमालीचा संशयी नवरा. बायकोला तो जवळजवळ कोंडूनच ठेवी. इटलीत घटस्फोट नव्हता म्हणून १९३९ साली हंगेरीत जाऊन तो मिळवला आणि मग वर्षानुवर्षं दोघं एकाच घरात राहिले. ती अखेर निघून गेली तेव्हा त्यानं 'मालाफेम्मेना' हे गाणं लिहिलं. १९५१ सालचं हे गाणं नेपल्समध्ये अजून गायलं जातं. वाईट बाईला उद्देशून लिहिलेलं म्हणून लोक त्यावर भाळतात. मला वाटतं, त्या बाईची बाजू कुणीतरी लिहायला हवी होती. पुढं फ्रांका फाल्दिनी ही तरुण नटी त्याच्या आयुष्यात आली आणि शेवटपर्यंत राहिली. १९५४ साली त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव मास्सेन्झियो. वंश चालवणारा मुलगा! तो काही तासच जगला.

त्यानंतर डोळे. एक डोळा १९३८ सालीच गेला होता. १९५७ मध्ये पालेर्मोला नाटकाचा दौरा चालू असताना दुसऱ्याचीही दृष्टी गेली. उरल्या त्या सावल्या आणि उजेडाचे डाग. रंगभूमी सुटली, सिनेमा सुटला नाही. घरात काळा चष्मा लावून हात धरून चालणारा हा माणूस कॅमेरा सुरू झाला की चष्मा काढी, पावलं मोजलेली असत, आणि उड्या मारी. कास्तेल्लानी आवाजानं दिशा देई. पडद्यावर ओठ दिसत नसल्यामुळं आवाज पुन्हा भरताना काही प्रसंगांत कार्लो क्रोक्कोलो या नटानं त्याचा आवाज काढला. म्हणजे याचा तोतयाही निघाला, आणि तो इतका बेमालूम की कुणाला पत्ता लागला नाही. 'इ सोलिती इन्योती' या १९५८ सालच्या चित्रपटात नवशिक्या चोरांना तिजोरी फोडायला शिकवणारा जो म्हातारा उस्ताद आहे, तो या अंध माणसानं केलेला आहे. तिजोरीच्या किल्ल्या वर्षानुवर्षं सांभाळल्यामुळं मी तो प्रसंग फार बारकाईनं पाहिला. हातात कुठंही चूक नाही.

पैशाच्या बाबतीत तो सढळ होता. नेपल्सला गेला की रात्री सानितात जाऊन दारांच्या फटींतून नोटा सरकवी, असं तिथले लोक सांगतात. रोमजवळ त्यानं बेवारशी कुत्र्यांसाठी आश्रम बांधला. दोनशेहून अधिक कुत्री होती तिथं. दिसत नसतानाही तो त्यांना भेटायला जाई. त्या आश्रमाच्या नावातला शब्द कुत्र्यांसाठीचा नाही. 'त्रोव्हातेल्ली' म्हणजे टाकून दिलेली, सापडलेली मुलं.

कविताही करी, नेपल्सच्या बोलीत. त्यातली 'आ लिवेल्ला' तिथं शाळकरी पोरांनाही माहीत असते. लिवेल्ला म्हणजे गवंड्याची पाणसळ. कवितेत दफनभूमीत एका मार्क्विसच्या शेजारी एक झाडूवाला पुरलेला असतो. मार्क्विसाला हा शेजार खपत नाही, तो ओरडतो, आणि झाडूवाला त्याला मरणाची पातळी समजावून सांगतो. १९६४ साली तोतोचा संग्रह याच नावानं निघाला. सम्राटांच्या वंशाचे दाखले मिळवायला ज्यानं पैसा आणि वर्षं घातली, त्यानंच हे लिहिलं. टीकाकार यात विसंगती दाखवतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. मार्क्विसपण नुसतं पोकळ आहे हे ज्याला झाडूवाल्याच्या बाजूनं कळलं होतं, त्यालाच ते आईच्या इज्जतीसाठी हवं होतं. तुमच्या दृष्टीनं पोकळ का असेना, आम्हाला ते नाकारलं होतं ना, मग आता दाखल्यासकट द्या. त्या तालुक्याच्या गावातला मुलगा पुन्हा आला असता तर कदाचित असंच काही बोलला असता.

समीक्षकांची मान्यता आली ती फार उशिरा. १९५१ च्या 'ग्वार्दिए ए लाद्री'मध्ये, म्हणजे 'शिपाई आणि चोर'मध्ये, त्यानं केलेल्या भुरट्या चोराला बक्षीस मिळालं होतं, पण मोठ्या लोकांत मोजदाद झाली नव्हती. १९६६ मध्ये पासोलिनीनं त्याला बोलावलं. कान महोत्सवात त्याच्या कामाची खास दखल घेतली गेली. यानंतरच्या त्यांच्या एका लघुपटात तोतो कळसूत्री बाहुली झाला आहे. ऑथेल्लोच्या खेळातला दुष्ट इयागो. प्रेक्षक चिडून बाहुल्या मोडतात आणि कचऱ्याच्या गाडीतून त्या उकिरड्यावर फेकल्या जातात. तिथं उताणा पडून ही बाहुली आयुष्यात पहिल्यांदा आभाळातले ढग पाहते. काही न दिसणारा म्हातारा नट ढग पाहतोय आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा वाटतो. हा लघुपट लोकांनी १९६८ साली पाहिला. तोवर तो गेला होता.

१५ एप्रिल १९६७ च्या पहाटे रोममध्ये हृदयविकारानं तो गेला. नान्नी लॉयच्या एका नव्या चित्रपटाचं काम नुकतंच सुरू केलं होतं, ते दुसऱ्या नटाकडं गेलं. सत्त्याण्णव चित्रपट झाले होते. सत्तरच्या दशकात त्याच किरकोळ ठरवलेल्या चित्रपटांवर पुस्तकं निघू लागली, आणि २०१७ मध्ये नेपल्सच्या विद्यापीठानं चौथीतून तिसरीत उतरवलेल्या या विद्यार्थ्याला मरणोत्तर मानद पदवी दिली. आणखी एक कागद.

अंत्यविधी तीन झाले. पहिला रोममध्ये, पेटीवर त्याची ती गोल हॅट ठेवली होती. दुसरा त्याच दिवशी नेपल्सच्या कार्मिने चर्चमध्ये. रस्ते माणसांनी इतके भरले की पेटी आत नेणं मुश्किल झालं. मग त्याला घराण्याच्या दफनघरात ठेवलं. तिथं आईबाप होते, लिलियाना कास्तान्योला होती आणि काही तास जगलेलं ते बाळही होतं.

पण सानिताचं समाधान झालं नाही. आपल्या पोराला मोठ्या चर्चमधून परस्पर नेलं, बोळात आणलंच नाही, अशी वस्तीची तक्रार होती. एक महिना झाल्यावर, २२ मे १९६७ ला, वस्तीनं आपल्या चर्चमध्ये तिसरा अंत्यविधी केला. पेटी आणली, फुलं आणली, खिडक्याखिडक्यांतून बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. पेटी रिकामी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मागून अख्खी सानिता चालत गेली, त्याला नुसत्या तोतो या नावानं हाका मारत.